कुंडलचे कागद आणि न उघडणाऱ्या फाइली

१/
किर्लोस्करवाडीच्या छापखान्यातून १९२० साली निघालेला मासिकाचा अंक आज दहावीतली मुलगी अडखळत का होईना, पण वाचू शकते. त्याच परिसरात १९९५ च्या सुमारास एखाद्या डीटीपी केंद्रात जुळवलेली मराठी स्मरणिकेची फाइल तिच्या संगणकावर उघडली, तर मात्र रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग समोर येतो. शंभर वर्षांचा कागद बोलतो आणि तीस वर्षांची फाइल मुकी राहते. असे का व्हावे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची चिंता का करावी, यावर हा धागा. निमित्त आहे कुंडलचे.

२/
कुंडल आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. स्वातंत्र्यापूर्वी भोवतालचा बराच मुलूख इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात होता, कुंडल मात्र औंध संस्थानात. पंतप्रतिनिधींचे हे संस्थान सलग नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडील गुणदाळ असे त्याचे तालुके विखुरलेले होते. म्हणजे कुंडलच्या शिवेवर दोन कारभार एकमेकांना भिडत. एका गावचा कागद एका दफ्तरात जाई, शेजारच्या गावचा दुसऱ्या. एका व्यवस्थेतला दस्तऐवज दुसऱ्या व्यवस्थेत कसा उघडायचा, हा प्रश्न या भूमीला संगणकाच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक आहे.

३/
त्या काळातील दस्तऐवजाचे पहिले कुलूप म्हणजे मोडी लिपी. परंपरेने तिचे श्रेय यादवांचा प्रधान हेमाद्री याला दिले जाते. ही लिपी वेगासाठी घडली होती. लेखनिक आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग हात फारसा न उचलता तिला अक्षरे लटकवीत जाई. शब्द तोडण्याची चाल नव्हती. इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नव्हता. लिहिणारा आणि वाचणारा एकाच कारकुनी परंपरेतले असल्याने त्यांचे अडत नसे. गाळलेले ते मनाने भरून घेत.

४/
हा मुद्दा नीट लक्षात ठेवावा, कारण पुढचा सारा धागा त्यावर उभा आहे. कोणताही दस्तऐवज दोन भागांचा असतो. एक भाग म्हणजे उमटलेल्या खुणा. दुसरा म्हणजे त्या खुणांचा अर्थ लावणारी किल्ली. खुणा कागदावर राहतात, किल्ली माणसांच्या डोक्यात किंवा एखाद्या यंत्रात राहते. कागद टिकला तरी किल्ली हरवली, तर दस्तऐवज असूनही नसल्यासारखा होतो.

५/
मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१७ मध्ये कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध देवनागरी स्वीकारली. संस्थानांना हा निर्णय आपोआप लागू नव्हता. जुन्या पिढीच्या खाजगी हिशेबांत आणि पत्रांत मोडी त्यानंतरही १९४० च्या दशकापर्यंत चालत राहिली. पुढे शाळांतून ती गेली आणि दोन पिढ्यांत घरोघरच्या पेट्यांतले कागद घरच्याच माणसांना परके झाले. आजोबांचे अक्षर नातवाला लागेना. कागदाला वाळवी लागली नव्हती, शाई उडाली नव्हती. किल्ली तेवढी हरवली होती.

६/
याची किंमत किती, ते २०२३ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दफ्तरे बाहेर निघाली. त्या वेळी मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. त्या प्रश्नाच्या राजकारणात इथे शिरायचे नाही. एवढेच पाहावे की एका कुटुंबाचा हक्क एका ओळीवर अवलंबून असू शकतो, आणि ती ओळ वाचणारी माणसे मोजकी असू शकतात.

७/
आता कुंडलच्या सर्वांत तेजस्वी पर्वाकडे येऊ. १९४२ च्या आंदोलनानंतर सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. क्रांतिसिंह नाना पाटील, नागनाथअण्णा नायकवडी, कुंडलचे जी. डी. बापू लाड ही त्यातली ठळक नावे. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पैसा नेणारी रेल्वेगाडी लुटली गेली. कुंडलमध्ये तुफान सेनेचे शिक्षण चाले. गावोगावी न्यायनिवाडे होत, साधेपणाने लग्ने लावली जात, सावकारांना आणि गुंडांना वचक बसे.

८/
भूमिगत चळवळीचा स्वभावच असा, की तिने कागद कमीत कमी ठेवावा. जो कागद सापडेल तो पोलिसांच्या हाती पुरावा ठरणार. त्यामुळे प्रतिसरकारचा इतिहास मोठ्या प्रमाणात दोन साधनांवर उभा राहतो. एक म्हणजे ज्या सत्तेविरुद्ध लढा होता, तिच्याच सरकारी नोंदी. दुसरे म्हणजे लढणाऱ्यांच्या आठवणी, ज्या पुष्कळ पुढे सांगितल्या आणि लिहिल्या गेल्या. लढणाऱ्यांची बाजू जवळजवळ सारी या दुसऱ्या साधनात आहे.

९/
आता साधा हिशेब करावा. १९४३ साली वीस-एकवीस वर्षांचा असलेला तुफान सैनिक १९९३ मध्ये सत्तरीला आला. १९९२-९३ ला त्या लढ्याची पन्नास वर्षे भरली, १९९७ ला स्वातंत्र्याची. गौरव-समारंभ, स्मरणिका, आत्मकथने, गावांचे इतिहास यांना हाच काळ अनुकूल होता. आणि नेमक्या याच वर्षांत मराठी अक्षरजुळणी शिशाच्या खिळ्यांवरून संगणकावर सरकली. साक्षीदारांची अखेरची साक्ष आणि मराठी संगणकाचे सर्वांत गोंधळाचे दशक एकाच वेळी आले. हा योग दुर्दैवी होता. का, ते पाहू.

१०/
संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हा निव्वळ ठराव असतो. ठराव दोन असले की भांडण सुरू. अमेरिकेत १९६३ मध्ये आस्की नावाचा ठराव झाला, त्यात रोमन लिपीतल्या मोठ्या 'ए'चा आकडा ६५. पुढच्याच वर्षी आयबीएमने आपल्या सिस्टीम ३६० या संगणकमालिकेसाठी एब्सिडिक हा वेगळा ठराव वापरला, त्यात त्याच 'ए'चा आकडा १९३. एका यंत्राची फाइल दुसऱ्यावर नेली की इंग्रजीचाही पालापाचोळा होई. विसंगत फाइलींचे दुखणे मराठीपुरते कधीच नव्हते.

११/
भारतीय लिप्यांसाठीही एक सार्वजनिक ठराव झाला होता. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांच्या पुढाकाराने जिस्ट हे तंत्र विकसित झाले, पुढे ते पुण्याच्या सी-डॅककडे आले. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक जाहीर झाले. त्यात अक्षर उच्चाराच्या क्रमाने साठवले जाई आणि पडद्यावर त्याचा आकार घडवण्याचे काम वेगळ्या कार्डाकडे किंवा सॉफ्टवेअरकडे असे. रचना शहाणपणाची होती. तिचे कार्ड मात्र संगणकात स्वतंत्रपणे बसवावे लागे.

१२/
छापखान्यांची गरज निराळी होती. त्यांना पेजमेकरसारख्या इंग्रजीसाठी घडलेल्या प्रणालीत सुबक मराठी पान लावायचे होते. पेजमेकरला जोडाक्षर म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. मग एक युक्ती निघाली. संगणकाला वाटू द्यायचे की आपण इंग्रजीच लिहितो आहोत, आणि इंग्रजी अक्षराच्या जागी फॉन्टमध्ये मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव, आयएसएमसोबत येणारे फॉन्ट अशी कुटुंबे यातून रुळली. त्यांतील प्रत्येकाची वाटणी वेगळी. काही वेळा एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही ती जुळत नसे.

१३/
उदाहरण कुंडलचेच घेऊ. कृतिदेव फॉन्टमध्ये 'कुंडल' हा शब्द लिहिला, तर फाइलीत प्रत्यक्ष साठतात ही पाच रोमन अक्षरे: डी, क्यू, ए, मोठा एम, वाय. फॉन्ट असेल तर डोळ्यांना 'कुंडल' दिसते. फॉन्ट नसेल तर त्या पाच रोमन अक्षरांचा काहीही अर्थ लागत नाही. फाइलीत 'कुंडल' हे नाव कुठेही नाही. ते नाव फॉन्टच्या पोटात आहे. खुणा एकीकडे, किल्ली दुसरीकडे. मोडीचीच गोष्ट नव्या वेशात.

१४/
अडचण याहून खोल आहे. या फॉन्टांची मांडणी देवनागरी टंकलेखन यंत्राच्या वळणावर गेली. यंत्राला कळा चाळीस-पन्नास, अक्षरे आणि जोडाक्षरे शेकडो. म्हणून अक्षरांचे तुकडे पाडले गेले. अर्धे अक्षर आणि काना मिळून पूर्ण अक्षर, काना आणि मात्रा मिळून ओकार. शिशाच्या खिळ्यांतही असे तुकडे जुळवण्याची रीत होतीच. यंत्र गेले, पण तुकडे फाइलीत राहिले.

१५/
'किर्लोस्कर' हे नाव पाहा. कृतिदेवात त्याचा साठवणक्रम असा: वेलांटी, क, ल, काना, मात्रा, रफार, अर्धा स, क, र. म्हणजे डोळ्याला डावीकडून जसे दिसते तसे. युनिकोडमध्ये क्रम असा: क, वेलांटी, र, हलन्त, ल, ओकार, स, हलन्त, क, र. म्हणजे जिभेवर येते तसे. जुन्या फाइलीचे रूपांतर करताना आकडे बदलून भागत नाही. वेलांटी अक्षरामागे न्यावी लागते, रफार उचलून आधीच्या जागी ठेवावा लागतो, काना-मात्रेचा ओकार करावा लागतो. एक नियम चुकला की शब्द बिघडतो.

१६/
कंपन्यांना यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. त्या काळच्या सर्वसाधारण संगणकाला देवनागरी येतच नव्हती. या युक्तीमुळेच गावोगावच्या लहान छापखान्यांतून मराठी पुस्तके, पत्रिका, साप्ताहिके निघू शकली. दोष असलाच तर तो किल्ली खाजगी राहिल्याचा आहे. कोणत्या आकड्याला कोणता तुकडा, ही वाटणी सार्वजनिक आणि एकसारखी नव्हती. फॉन्ट विकत घेतलेल्याला दार उघडे, बाकीच्यांना बंद. सुरुवातीच्या मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरही 'आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या' अशी सूचना असायची, ती याचमुळे.

१७/
सार्वजनिक किल्ली म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला. त्यात 'कुंडल'चे आकडे आहेत २३२५, २३६९, २३०६, २३३७, २३५४. हे आकडे कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नाहीत. टोकियोतल्या यंत्रालाही २३२५ म्हणजे 'क' हेच ठाऊक असते. पण ठराव होणे वेगळे आणि तो टेबलावरच्या संगणकात उतरणे वेगळे. विंडोज २००० बरोबर देवनागरीचा आधार आला, मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला, आणि केंद्राच्या ई-प्रशासन मानकांनी युनिकोडवर २००९ मध्ये शिक्कामोर्तब केले. कुंडलच्या साक्षीदारांची सत्तरी-ऐंशी या मधल्या अंधाऱ्या पट्ट्यात सरली. नागनाथअण्णा २०१२ मध्ये गेले, जी. डी. बापू त्याच्या आदल्या वर्षी.

१८/
कोणी म्हणेल, पुस्तके छापलेली आहेत ना, मग फाइल कशाला हवी? छापील पान अखेरचा आधार आहे, हे खरेच. पण गावपातळीच्या स्मरणिकेच्या प्रती मोजक्या निघतात. छापताना जागेअभावी मजकूर कापला जातो, आणि कापलेला भाग फाइलीतच राहतो. शिवाय एखाद्या साध्या कार्यकर्त्याचे नाव दहा पुस्तकांतून शोधायचे, तर शोधता येण्याजोगा मजकूर लागतो. पुढाऱ्यांची नावे अनुक्रमणिकेत असतात. भाकरी पोचवणाऱ्या बाईचे नाव कुठल्यातरी एकशे चौतिसाव्या पानावर असते आणि तिथेच राहते.

१९/
जुनी फाइल उघडताना एकामागोमाग चार कुलपे लागतात, ती वेगळी ओळखावीत. पहिले माध्यमाचे: फ्लॉपी आहे, पण ती वाचणारे यंत्र नाही. दुसरे साच्याचे: फाइल पेजमेकरची आहे किंवा जुन्या वर्डची आहे. तिसरे संकेताचे: आत इस्की आहे, युनिकोड आहे की फॉन्टची खाजगी वाटणी. चौथे फॉन्टचे: वाटणी कळली तरी ती दाखवणारा फॉन्ट हाताशी आहे का? पुष्कळजण पहिल्याच कुलपापाशी 'फाइल खराब झाली' म्हणून ती टाकून देतात. बहुधा ती खराब नसते, बंद असते.

२०/
दुसऱ्या कुलपाची गोष्ट आशादायक आहे. मायक्रोसॉफ्टने जुन्या वर्डच्या साच्याचे तपशील २००८ मध्ये प्रसिद्ध केले. ओपन डॉक्युमेंट हा खुला साचा २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. लिबर ऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर जुने साचे बऱ्यापैकी वाचते. त्याच्या ४.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, पेजमेकरच्या फाइलीही त्यात आणता येतात. साचा उघडला की मजकूर रोमन ढिगाच्या रूपात का होईना, हाती लागतो. त्यापुढे फॉन्टचे नाव कळले तर रूपांतर करता येते. नाव न कळल्यास छापील पानाशी ताडून वाटणी शोधता येते, अगदी अज्ञात लिपी उलगडावी तशी.

२१/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे खरे काम सुरू होते. रूपांतरित मजकूर म्हणजे मूळ दस्तऐवज नव्हे. ती नवी नक्कल आहे, आणि नकलेत पाठभेद शिरतात. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या रूपांतरकात ऱ्याचा हा फरक सुटू शकतो. मग भूमिगत कार्यकर्ता सागरेश्वराच्या दऱ्यांत लपण्याऐवजी समुद्रात लपतो. हसू येईल, पण आकड्यांत अशी चूक झाली तर तारीख बदलते, आणि आडनावात झाली तर माणूस बदलतो. मोडीचे लिप्यंतर तपासतो त्याच काटेकोरपणे हे तपासायला हवे.

२२/
फसवा प्रकार पीडीएफचा. पडद्यावर मराठी स्वच्छ दिसते, कारण फॉन्टचे आकार आत बांधलेले असतात. पण त्यातली ओळ उचलून दुसरीकडे ठेवली की पुन्हा तोच रोमन ढीग. शोध घेतला तर 'कुंडल' सापडत नाही, कारण आत 'कुंडल' नाहीच. अशा पीडीएफांचा संग्रह करून निश्चिंत होणे म्हणजे मोडी रुमाल काचेच्या कपाटात ठेवून ते वाचले असे समजणे.

२३/
हे संकट साऱ्या जगाचे आहे. इंग्लंडमध्ये १०८६ साली डूम्सडे बुक या नावाने देशाची नोंदवही तयार झाली. तिला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवी नोंदवही केली. हजारो शाळांतील मुलांनी आपापल्या परिसराची माहिती जमवली आणि ती लेझर तबकड्यांवर साठवली गेली. पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि मजकूर वाचवण्यासाठी संशोधकांना खास प्रकल्प हाती घ्यावे लागले. चर्मपत्रावरची अकराव्या शतकातली वही मात्र शाबूत होती आणि लॅटिन जाणणाऱ्यांना वाचता येत होती.

२४/
आपल्याकडे एक धडा घालून दिलेला आहे. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. पुढे पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली आले. हे सारे घडले तेव्हा मोडी वाचणारी माणसे गावोगावी जिवंत होती. किल्ली हातात होती तोवर दारे उघडून घेतली गेली. पन्नास वर्षे थांबले असते, तर तेच काम दसपट अवघड झाले असते.

२५/
१९९० च्या दशकातले डीटीपी चालक हे आपल्या काळातले मोडी जाणणारे कारकून आहेत. कोणत्या पुस्तकाला कोणता फॉन्ट वापरला, कोणती कळ दाबली की कोणते जोडाक्षर येई, हे त्यांच्या बोटांना अजून आठवते. त्यांतले बरेच आता पन्नाशी-साठी ओलांडलेले आहेत. केंद्रे बंद होत आहेत, जुने संगणक भंगारात जात आहेत. प्रतिसरकारचे साक्षीदार आपल्या हातून गेले. त्यांची साक्ष जुळवणारे अजून आहेत.

२६/
म्हणून मित्रहो, काही साधी पथ्ये. मूळ फाइल जशीच्या तशी जपा, बदल नेहमी प्रतीत करा. फाइलीसोबत चिठ्ठी ठेवा: कोणते सॉफ्टवेअर, कोणता फॉन्ट, कोणते वर्ष, कोणी जुळवली. फॉन्टची फाइल मिळाली तर तीही जवळ ठेवा. रूपांतर युनिकोडमध्ये करा, छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडा, दुरुस्त्यांची यादी करा. शेवटी साधा मजकूर आणि पीडीएफ अशा दोन रूपांत, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. यासाठी पदवी लागत नाही. चिकाटी लागते.

२७/
शेवटी एक सुखद गोष्ट. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपीला स्वतःची जागा मिळाली. ज्या लिपीची किल्ली आपण जवळजवळ हरवून बसलो होतो, तिच्या प्रत्येक अक्षराला आता सार्वजनिक आकडा आहे. कुंडलच्या एखाद्या पेटीतला मोडी कागद आज मोडीतच संगणकावर उतरवला, तर तो पुढच्या पिढीला उघडता येईल. पण त्याच घरातली १९९५ ची फ्लॉपी उघडेल की नाही, हे पुढच्या काही वर्षांत आपण काय करतो यावर ठरेल. वाळवा, पलूस, कडेगाव, कराड, खटाव या भागांतील कोणाकडे अशा स्मरणिका, फाइली किंवा फ्लॉपी असतील, किंवा त्या काळी अक्षरजुळणी केलेले कोणी ओळखीचे असेल, तर आधी त्यांना जाऊन भेटा. फाइल नंतर उघडता येईल. आधी किल्ली टिपून घ्या.